विद्युतचुंबकीय वर्णपटाच्या मर्यादा

विद्युतचुंबकीय वर्णपट म्हणजे रेडिओ तरंगांपासून गॅमा किरणांपर्यंतच्या सर्व विद्युतचुंबकीय प्रारणांचा तरंगलांबीनुसार लावलेला क्रम होय. फोटॉनची ऊर्जा तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असते; १,२४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे १ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. मॅक्सवेलची समीकरणे तरंगलांबीला किमान वा कमाल मर्यादा घालत नाहीत. प्रत्यक्ष मर्यादा तरंग ज्या अवकाशातून प्रवास करतात त्यामुळे पडतात.

दीर्घ तरंगलांबीचे टोक

प्लाझ्मातील मुक्त इलेक्ट्रॉन ठरावीक वारंवारतेखालील तरंगांना पुढे जाऊ देत नाहीत. पृथ्वीच्या आयनांबरामुळे सुमारे १० मेगाहर्ट्‌झखालील, म्हणजे ३० मीटरहून लांब असलेले अवकाशातील तरंग सहसा जमिनीवर पोहोचत नाहीत. आंतरतारकीय प्लाझ्मा अतिशय विरळ असल्याने तेथे ही सीमा खूप खाली जाते. व्हॉयेजर १ यानाने २०१३ साली ती सुमारे २.६ किलोहर्ट्‌झ मोजली. तिच्याशी जुळणारी तरंगलांबी शंभर किलोमीटरहून अधिक आहे.

लघु तरंगलांबीचे टोक

सुमारे १ पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (१ वर १५ शून्ये) ऊर्जेचा फोटॉन वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणातील फोटॉनवर आदळला, की इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी निर्माण होऊ शकते आणि दोन्ही फोटॉन नष्ट होतात. त्यामुळे दूरच्या दीर्घिकांतील असे फोटॉन पृथ्वीपर्यंत टिकत नाहीत. चीनमधील ल्हासो वेधशाळेने २०२१ साली जाहीर केलेला सुमारे १.४ पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन हंस तारकासमूहाच्या दिशेने, आपल्याच आकाशगंगेतून आला होता.

तरंगलांबी प्लांक लांबीइतकी (सुमारे १.६ × १० चा −३५ वा घात मीटर) लहान झाल्यास गुरुत्वाकर्षणाचे पुंज परिणाम महत्त्वाचे ठरतात. तेथे प्रचलित सिद्धांत अपुरे पडतात.