वेबपानाच्या पार्श्वभूमीसाठी बेमालूम जुळणारा नमुना

पार्श्वभूमीला लहान चित्र दिले की ब्राउझर ते फरश्यांसारखे आडवे-उभे मांडत जातो. सीएसएसमध्ये वेगळे काही सांगितले नाही, तर असेच घडते. चित्राची उजवी कड डाव्या कडेशी आणि खालची वरच्या कडेशी जुळत नसेल, तर पानभर चौकटी दिसू लागतात.

समजा, तुम्ही कापडाच्या पोताचा २०० × २०० पिक्सेलचा तुकडा घेतला आहे. गिम्पमधील 'ऑफसेट' वापरून तो १०० पिक्सेल उजवीकडे आणि १०० खाली सरकवा. बाहेर गेलेला भाग विरुद्ध बाजूने आत येतो. आता समोरासमोरच्या कडा आपोआप जुळतात, कारण मूळ चित्रात त्या शेजारीच होत्या. न जुळणारे सांधे मात्र मधोमध अधिक चिन्हासारखे उघडे पडतात. ते क्लोन साधनाने बुजवा. या वेळी कडांना हात लावू नका. नवशिके बहुधा इथेच चुकतात.

सांधा गेला तरी एखादा ठळक डाग दर २०० पिक्सेलवर डोळ्यांत खुपतो. तो पुसा, किंवा तुकडा मोठा घ्या.

शेवटी मजकूर ठेवून पाहा. अक्षरे काळी असतील तर नमुन्यातील सर्वांत गडद जागी कॉन्ट्रास्ट मोजा. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी डब्ल्यूसीएजीच्या एए पातळीला किमान ४.५:१ लागतो.