'कंपनीचे पैसे आल्यावर'

भोसरीतील लहान वर्कशॉपला मोठ्या कंपनीचे काम बहुधा मधल्या कंत्राटदारामार्फत मिळते. त्याच्या करारात एक साळसूद वाक्य असते : 'कंपनीकडून रक्कम आल्यावर बिल चुकते होईल.' कंपनीशी वर्कशॉपचा करारच नाही. मग दाद कोणाकडे मागावयाची? वास्तविक 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत लघुउद्योगाचे देणे कंत्राटदाराने माल स्वीकारल्यापासून कमाल 45 दिवसांत चुकविलेच पाहिजे. विलंबास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मालाविषयी हरकत असल्यास तीही 15 दिवसांत लेखी हवी. मात्र चलानावर तारखेसह सही नसेल, तर हे दिवस मोजावयाचे कोठून? आणि सही मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे आपल्याकडे अजूनही मानतात!