मीटरात न पडलेलं काम

तुडील गावाला गेलो तो एका पाटीसाठी. बंद गाळ्यावर पिवळ्या रंगावरची काळी अक्षरं अजून वाचता येतात: एसटीडी, आयएसडी, पीसीओ. बूथ चालवणारे चाचा मागच्याच घरात राहतात. पायाने अधू. बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे, त्यातून त्यांना तो मिळाला.

मीटर त्यांनी जपून ठेवलाय. फडक्याने पुसून माझ्यासमोर ठेवला. पलीकडे फोन उचलला की आकारणीचे पल्स पडायला लागत. गाव जितकं लांब, तितके भराभर. फोन ठेवला की बिलाची चिठ्ठी करकरत बाहेर. "अकरानंतर पाव दर," चाचा सांगतात. म्हणून मुंबईला बोलणारे रात्री अकराची वाट बघत बाकावर बसायचे. बोलता बोलता चाचांचं बोट सारखं मीटरच्या विझलेल्या काचेवर जात होतं.

बूथ येण्याआधी ट्रंककॉल नोंदवायचा आणि लागेपर्यंत ताटकळायचं. १९८४मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, तिने वातानुकूलनाशिवाय चालणारं १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज बनवलं आणि खेड्यापाड्यांत फोन पोचला. सॅम पित्रोदांचं नाव याच कामामुळे घरोघरी झालं. पण लाइन गावात आली तरी फोन घरात नव्हता. तो घरापर्यंत नेला चाचांसारख्यांनी.

मुंबईतला मुलगा बूथवर फोन करी. "दहा मिनिटांनी परत कर, आईला बोलावतो," असं सांगून चाचा शेजारच्या पोराला वाडीत पिटाळत. म्हातारी धापा टाकत येई, तोवर दुसरं गिऱ्हाईक थांबवून लाइन मोकळी ठेवायची. येणाऱ्या फोनला पल्स नाही, म्हणजे कमाईही नाही. कुणी एखादा रुपया ठेवी, बरेचजण नाही. मयताचा निरोप असला तर चाचा पोराला पाठवत नसत. कुबडी घेऊन स्वतः जात. बूथवाल्यांच्या धंद्याचा हिशेब मांडताना ही पायपीट कुणीच धरली नाही, आणि मला तीच खरी सेवा वाटते.

"आणि अकराला गर्दी," ते पुन्हा म्हणाले. "जेवण तसंच राहायचं."

मे २००३पासून मोबाइलवर येणारा फोन फुकट झाला. घरोघरी हँडसेट आले ते आधी फोन घेण्यापुरतेच. करायचा असला तर लोक बूथवरच येत. त्यामुळे चाचांचे निरोप आधी थांबले. कमाई त्यानंतर बुडाली.