दोनशे दिवसांचा हिशेब

नृसिंह जयंती ११ मे २०२५ ला झाली. कुलदैवताच्या दर्शनाला गावोगावहून आलेली माणसं आपापल्या घरी परतली आणि परभणी-परळी मार्गावरचं पोखर्णीचं स्टेशन पुन्हा शांत झालं. शाळेला तर २ मेपासूनच सुट्टी लागली. खळं आवरलं, रान मोकळं झालं की शेतकरी बांधावर बसून हिशेब मांडतो: किती पेरलं, किती उगवलं, हाती काय आलं. ज्या घरात प्राथमिक शाळेतलं लेकरू आहे, त्या घराने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षाचा असाच हिशेब आत्ताच मांडायला हवा. १६ जूनला घंटा वाजली की पेरणीची धांदल सुरू होईल आणि कुणालाच उसंत मिळणार नाही.

या हिशेबासाठी कायद्याने एक आकडा देऊन ठेवला आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास चालली पाहिजे. सहावी ते आठवीची २२० दिवस आणि १००० तास. शाळेने हे दिवस भरले की नाही, ते तपासायला अधिकारी आहेत. आपल्या लेकराच्या वाट्याला त्यातले किती आले, हे मात्र आई-बापानेच विचारायचं असतं.

शाळा १५ जून २०२४ ला उघडली. वर्षाची सुरुवात लेकरांच्या दृष्टीने एका चांगल्या नियमाने झाली. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, लहानांची झोप पुरी व्हावी, असा निर्णय शासनाने त्याच वर्षी फेब्रुवारीत घेतला होता. शहरातल्या सकाळच्या शाळांना त्याने मोठा फरक पडला. गावाकडच्या शाळा तशाही उशिराच भरतात.

गणवेशाने मात्र पालकांना आणि शिक्षकांना सारखंच दमवलं. ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून कापड वरून आलं आणि शिलाईचं काम महिला बचत गटांकडे गेलं. राज्यभरात कित्येक शाळांमध्ये स्वातंत्र्यदिन आला तरी नवे कपडे आले नव्हते. जे आले त्यातले काही मापात बसेनात. मोठ्यांना ही गोष्ट किरकोळ वाटते. पण दुसरीतल्या पोराला वर्गात आपलाच सदरा वेगळा दिसतो, तेव्हा ते सकाळी पोट दुखतंय म्हणून घरी बसतं. हजेरीतला पहिला खाडा असा पडतो. अखेर डिसेंबरमध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. म्हणजे यंदा गणवेश वेळेवर आला नाही, तर विचारायला मुंबईला जायला नको. समिती गावातच आहे.

पोषण आहारातही वर्षभरात दोनदा बदल झाला. जून २०२४ मध्ये नव्या पाककृती ठरल्या, त्यात मोड आलेली कडधान्यं आली, गोड पदार्थही आला. जानेवारीअखेरीस यादी पुन्हा बदलली. अंडी आणि साखर यांसाठी वेगळा पैसा मिळणार नाही, ते लोकसहभागातून करा, असं ठरलं. मूळ हिशेब तसाच राहिला: पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, आणि एकूण जेवणातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनं. कागदावरचे हे आकडे खिचडीच्या पातेल्याजवळ उभं राहिल्यावरच कळतात. दुपारच्या सुट्टीत ताटल्या घेऊन ओळ लागते. स्वयंपाकी बाई डाव बुडवतात, आणि ओळीतलं एखादं पोर ताटली जरा पुढे धरून हळूच म्हणतं, “अजून थोडी.” सकाळी घरी काय शिजलं होतं, ते त्या दोन शब्दांत कळतं. त्या बाईंना महिन्याला २,५०० रुपये मानधन आहे. वर्षभरात ज्यांनी एकही दिवस चूल थंड राहू दिली नाही, त्यांचे आभार वर्षाच्या शेवटी तरी गावाने मानले पाहिजेत.

पोळ्याच्या तोंडावर, १ आणि २ सप्टेंबरला, परभणी जिल्ह्याला पावसाने झोडपून काढलं. ओढे-नाले पात्र सोडून वाहिले, सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, मुलांचे शाळेचे दिवस बुडाले. पाणी ओसरल्यावरही काळ्या मातीच्या वाटांवर चिखल राहतोच. वस्तीवरून चालत येणारी लहान मुलं गावातल्यांपेक्षा दोन-चार दिवस उशिरा वर्गात दिसतात. त्याच महिन्यात, २५ सप्टेंबरला, राज्यातल्या प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. पटसंख्येवर शिक्षक ठरवण्याच्या नव्या निकषांमुळे लहान शाळांचे शिक्षक कमी होतील, हे त्यांचं म्हणणं होतं. हा प्रश्न शिक्षकांच्या नोकरीपुरता नाही. गावचा पट घसरला की शिक्षक कमी होतो, आणि शिक्षक कमी झाला की आणखी चार घरं लेकरू परभणीच्या शाळेत घालतात. ही उतरण थांबवायची असेल, तर पट टिकवणं गावाच्या हातात आहे.

दिवाळीनंतर विधानसभेची निवडणूक आली. मतदान २० नोव्हेंबरला होतं. शाळेच्या खोल्या मतदान केंद्रं झाल्या, गुरुजी आणि बाई निवडणुकीच्या कामावर गेले. त्याच सुमारास, १५ नोव्हेंबरपासून, साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला, आणि या भागातल्या शाळांचं सगळ्यात मोठं नुकसान तिथून सुरू होतं. गंगाखेड, पालम, सोनपेठकडच्या गावांतून कोयते ऊसतोडीची उचल घेऊन निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यांच्यासोबत लेकरंही गाडीत बसतात. दिवाळीला गेलेलं पोर गुढीपाडव्याच्या आसपास परततं. २०० दिवसांतले जवळजवळ निम्मे उसाच्या फडात जातात. आलेलं पोर वर्गात बसतं, पण पुस्तक त्याच्यासाठी कितीतरी धडे पुढे निघून गेलेलं असतं. थोरलं असेल तर तिकडे धाकट्याला सांभाळण्यातच त्याचे महिने गेलेले असतात.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. आई-वडील फडावर गेले तरी लेकरू आजी-आजोबांकडे गावात राहावं आणि त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय व्हावी, यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. पण कोणत्या घरातलं कोणतं मूल जाणार आहे, हे दिवाळीच्या आधी समितीला कळलं तरच ती उपयोगी पडते. मुकादमाची गाडी दारात आल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही. आणि मूल गेलंच, तर ते जिथे राहील तिथल्या शाळेने दाखल्यासाठी अडवून न ठेवता त्याला बसवून घ्यावं, असं कायदा सांगतो. निघताना शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. ते घेऊन गेलेलं मूल कोणत्या वर्गातलं आणि किती शिकलेलं, हे नव्या गुरुजींना पहिल्याच दिवशी समजतं.

जानेवारीत नवोदयची प्रवेश परीक्षा झाली, ९ फेब्रुवारीला पाचवी आणि आठवीची शिष्यवृत्ती. या परीक्षांसाठी जादा तास घेणाऱ्या शिक्षकांचं काम सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही, म्हणून इथे नोंद करतो. ५ मार्चपासून राज्यात निपुण कृती कार्यक्रम सुरू झाला: प्रत्येक मुलाला वाचता, लिहिता आणि साधी गणितं करता यावीत, यासाठी ३० जूनपर्यंतचं नियोजन. त्याची गरज ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या जानेवारीत आलेल्या अहवालाने दाखवून दिलीच होती. देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतल्या १०० मुलांपैकी साधारण २३ मुलंच दुसरीचा उतारा वाचू शकतात, असं त्यात नोंदलं आहे. उरलेली मुलंही शाळेत आहेत. त्यांच्या हातात पुस्तक आहे, पण ते बोलत नाही.

मग उन्हाळा आला. मार्चअखेरीस उन्हापायी ९ चा नियम बाजूला राहिला आणि प्राथमिक शाळा सकाळी ७ ते सव्वाअकरा झाल्या. दुसरी संकलित चाचणी यंदा राज्यभर एकाच वेळापत्रकाने, ८ ते २५ एप्रिल, घेतली गेली. पूर्वी एप्रिलच्या मध्यावरच परीक्षा उरकत आणि पोरं मामाच्या गावाला जात. अध्यापनाचे दिवस वाया जाऊ नयेत, हा नव्या वेळापत्रकामागचा विचार योग्य आहे. पण परभणीचा पारा एप्रिलात चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत बसून पेपर लिहिणं काय असतं, ते त्या लेकरांनाच ठाऊक. पुढच्या वर्षी हेच वेळापत्रक राहणार असेल, तर पंखा, माठ आणि सावली यांची सोय गावाने मार्चच्या आत करावी.

१ मेला झेंडावंदनानंतर निकाल. या दिवशी शाळेच्या आवारात एक दृश्य हमखास दिसतं. आजीच्या हातात प्रगतिपत्रक असतं, ती ते नातवापुढे धरते आणि म्हणते, “वाच की रं, काय लिवलंय?” नातू श्रेणी वाचतो, “अ-दोन, ब-एक”, आणि थांबतो. त्या खालच्या वर्णनात्मक नोंदी कुणीच वाचत नाही. खरं म्हणजे २०१० पासून या श्रेणी-पद्धतीच्या मूल्यमापनाचा जीव त्या दोन ओळींत आहे: काय जमतं, कुठे मदत हवी. आणि त्यांच्याजवळच उपस्थितीचा तक्ता असतो. कामाचे दिवस अमुक, हजर दिवस तमुक. प्रगतिपत्रकातली सगळ्यात खरी माहिती तीच.

पाचवी आणि आठवीच्या घरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही’ हे आता पूर्ण खरं नाही. डिसेंबर २०२३ च्या नियमाप्रमाणे या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा आहे. प्रत्येक विषयात ३५ टक्के लागतात. पाचवीला ५० पैकी १८, आठवीला ६० पैकी २१. कमी पडलेल्यांची जूनमध्ये पुनर्परीक्षा होते आणि तीतही राहिलं तर मूल त्याच वर्गात बसतं. अशा मुलाची मे महिन्याची सुट्टी नुसती खेळण्यात जाऊ देऊ नका. रोज तासभर कुणीतरी त्याच्याजवळ बसा.

आता पुढच्या, म्हणजे २०२५-२६ च्या, वर्षाची तयारी. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं प्रत्येक मूल यंदा पहिलीला पात्र आहे. जन्मदाखला आणि आधार जवळ ठेवा, पण कागद अपुरा आहे म्हणून मूल घरी ठेवू नका. वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. ‘पहिले पाऊल’ शाळापूर्व तयारी मेळाव्यात सात टेबलं असतात. मूल रेघेवरून चालतं, वस्तूंचे गट करतं, चित्र पाहून बोलतं, आणि आईला पुढच्या आठवड्यांत घरी काय करून घ्यायचं ते कार्ड मिळतं. मेळाव्यातल्या आयांच्या गटात नाव द्या. वाटाणे-डाळ वेगळी करत, चुलीजवळ बसूनही ती तयारी होते. पहिलीचा अभ्यासक्रम यंदा नवा आहे. पहिलीपासून तिसरी भाषा सक्तीची करण्याचा निर्णय १६ एप्रिलला झाला आणि २२ एप्रिलला ती सक्ती थांबवल्याचं जाहीर झालं. त्या चर्चेत मोठ्यांनी जरूर भाग घ्यावा, पण सहा वर्षांच्या मुलाला आधी मराठी पानभर न अडखळता वाचता यावं, याची चिंता घरानेच वाहावी. आणि एक खर्चाची गोष्ट: पाठ्यपुस्तकाला जोडलेली वहीची कोरी पानं यंदापासून बंद झाली आहेत. वह्या वेगळ्या घ्याव्या लागतील. बी-बियाण्याच्या खर्चात तेवढे पैसे बाजूला ठेवा.

शेवटी समितीबद्दल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. गणवेश, आहार, हंगामी वसतिगृह या वर्षभरात रखडलेल्या किंवा बदललेल्या गोष्टींपैकी बरंच काही तिच्याच टेबलावर येतं. वर्षभर निर्णय आले, फिरले, पुन्हा आले. त्यांच्यावर आपला हात पोचत नाही. समितीच्या बैठकीला जाणं मात्र पोखर्णीतल्या कुठल्याही आईला जमण्यासारखं आहे.

कपाटातलं प्रगतिपत्रक आज काढा आणि हजर दिवसांचा आकडा वाचा. १६ जूनला लेकराचा हात धरून शाळेत जा, आणि पुढच्या १ मेला तो आकडा दोनशेच्या जवळ दिसेल असं वर्ष त्याला द्या.