सतरा मात्रांत दुःख कुठे असतं?

मागच्या वेळी आपण हायकूचा आकार पाहिला. ५-७-५, एकूण १७. हे आकडे आपल्या अक्षरांपेक्षा मात्रांच्या जवळचे. ‘निप्पॉन’ हा शब्द आपण दोन झटक्यांत म्हणून टाकतो, जपानी कान तिथे चार मोजतो. आज प्रश्न वेगळा आहे. एवढ्याशा जागेत कवी बेडूक, दव, चंद्र आणून ठेवतो. मग भावनेला जागा उरते कुठे?

त्यासाठी आधी हायकूहून कितीतरी जुन्या तान्काकडे जाऊ. तान्का ३१ मात्रांचा, ५-७-५-७-७. इ.स. ९०५च्या सुमारास सम्राटाच्या आज्ञेने ‘कोकिनशू’ हा संग्रह तयार झाला. त्याच्या वीस भागांपैकी पहिले सहा ऋतूंचे, पुढे सलग पाच प्रेमाचे. अशी नीट वाटणी केलेली असली, तरी वाचताना ती टिकत नाही, आणि त्याचं एक कारण भाषेतच आहे. ‘मात्सु’ म्हणजे पाइनचं झाड, आणि ‘मात्सु’ म्हणजे वाट पाहणं. ‘आकी’ म्हणजे शरद ऋतू, आणि त्याच उच्चारात मन विटणंही येतं. तेव्हा कवितेत शरद आला की प्रियकराचं मन उडाल्याची शंकाही सोबत येते. आपल्याकडे श्लेष आहे, पण श्लेष म्हटलं की आपल्याला चमत्कृती आठवते. इथे तसं नाही. झाड ही विरहाची उपमा नव्हे. झाड आणि वाट पाहणं एकाच आवाजात राहतात.

तान्काच्या शेवटच्या ७-७ मध्ये कवी पुष्कळदा मन मोकळं करतो. पुढे साखळीकाव्य आलं. एकाने ५-७-५ म्हणायचं, दुसऱ्याने ७-७ जोडायचं. या साखळीचा पहिला तुकडा हळूहळू स्वतंत्रपणे उभा राहू लागला; त्याला ‘हायकू’ हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मासाओका शिकीने रूढ केलं. म्हणजे बघा, पुढच्या १४ मात्रा गेल्या. दुसऱ्या कवीची जागा रिकामी राहिली, आणि आपण वाचक तिथे बसतो.

तिथे बसायचं तर ऋतुशब्द, म्हणजे ‘किगो’, कळायला हवा. नुसता ‘चंद्र’ म्हटला की तो शरदातला. बेडूक वसंतातला. इथे आपली गडबड होते! बेडूक म्हटलं की आपल्या कानात पहिला पाऊस आणि डराव डराव. बाशोचा १६८६चा प्रसिद्ध बेडूक आपण नकळत आषाढात नेऊन बसवतो. खरं तर जुन्या कवितेत बेडूक असायचा तो त्याच्या गाण्यासाठी. बाशोने ते गाणंच काढून टाकलं आणि पाण्याचा आवाज ठेवला. जपानी वाचकाला आधी ही उणीव जाणवली असणार, मग शांतता. आपल्याला थेट शांतताच मिळते, तीही जरा उसनी.

आता कोबायाशी इस्सा. १८१९ मध्ये त्याची सातो नावाची मुलगी देवीच्या आजारात गेली, जेमतेम वर्षाची होती. त्या वेळचा त्याचा हायकू जगप्रसिद्ध आहे. त्यात मुलगी नाही, मृत्यू नाही, रडणं तर नाहीच. आहे ते दव. बौद्ध परंपरेत दव म्हणजे क्षणभंगुरता, आणि इस्सा श्रद्धावान बौद्ध होता. त्यामुळे शिकवण त्याला पाठ आहे, मान्यही आहे. मान्य करून झाल्यावर तो अडखळतो, आणि कविता तिथेच थांबते.

अशा कवितेचा अनुवाद करताना ‘शोक’, ‘वेदना’ असा एखादा शब्द घालायचा मोह होतो. शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठीत रुजला, तरी हा मोह आपल्याला अजून सुटत नाही. आमच्या मते तो शब्द घातला की इस्साला बापाऐवजी प्रवचनकार केल्यासारखं होतं. ते दव वाळायच्या आत त्याला जे म्हणवत नाही, ते आपणही म्हणू नये.