परतलेल्या चाकरमान्याची बोली

आयुष्याचा मोठा भाग महानगरात घालवून उतारवयात गावी जाऊन राहणे, या घटनेचा विचार सामान्यतः अर्थशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या अंगाने केला जातो. घर, शेती, निवृत्तिवेतन, औषधोपचार यांची चर्चा होते; परंतु असा मनुष्य गावात बोलतो कसा आणि गाव त्याच्याशी बोलते कसे, हा प्रश्न मागे राहतो. वस्तुतः त्याला आपल्यात घ्यावयाचे की पाहुणा म्हणून वागवावयाचे, याचा निर्णय पुष्कळसा बोलण्यातच होत असतो. मुंबईहून सिंधुदुर्ग जिल्ह्यात परतणाऱ्या चाकरमान्यांच्या उदाहरणावरून या प्रश्नाची मांडणी करण्याचा येथे विचार आहे.

१. पार्श्वभूमी

मुंबईच्या कापडगिरण्यांना मनुष्यबळ पुरविणाऱ्या प्रदेशांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे स्थान फार मोठे होते. (१ मे १९८१ रोजी या जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला.) पुरुषाने गिरणीत काम करावे, बायकामुलांनी गावी शेती सांभाळावी, महिन्याकाठी मनीऑर्डर यावी आणि शिमगा व चवथ या सणांना त्याने घरी यावे, ही रीत कित्येक पिढ्या चालली. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावचे लोक एकाच खोलीत राहत असल्यामुळे त्यांची मालवणी शहरातही टिकली. मात्र तिचे क्षेत्र खोलीपुरते आखले गेले. खात्यात साऱ्या महाराष्ट्रातील कामगारांची मिश्र मराठी कानावर पडे आणि सभेत व वर्तमानपत्रात प्रमाण मराठीशी गाठ पडे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार सामील होते. या संपानंतर अनेकांना निवृत्तीचे वय होण्यापूर्वीच गावाची वाट धरावी लागली. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यावर ये-जा सुकर झाली, आणि जे मुंबईतच जन्मले व वाढले त्यांनाही पन्नाशी-साठीत वडिलांच्या गावी जाऊन राहण्याचा विचार करता येऊ लागला. भाषेच्या दृष्टीने हे दोन वर्ग भिन्न आहेत. गिरणीत गेलेल्याला बोली आठवावयाची असते. त्याच्या मुंबईत जन्मलेल्या मुलाला ती शिकावयाची असते. ‘गावी परतणे’ हा शब्दप्रयोग दोघांनाही लावला जातो. पण दुसऱ्याच्या बाबतीत परतणे केवळ कुळाच्या कथेत असते.

२. शब्द, ध्वनी आणि रूपे

बोलीचे सर्व थर सारख्याच सहजतेने हाती येत नाहीत. जे. के. चेंबर्स यांनी कॅनडातून दक्षिण इंग्लंडात राहावयास गेलेल्या दोन कुटुंबांतील सहा मुलां-तरुणांच्या बोलीचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. शब्द उच्चारांपेक्षा लवकर बदलतात आणि साधे ध्वनिनियम गुंतागुंतीच्या नियमांपेक्षा लवकर साधतात, असे त्यांना आढळले. ज्यांनी लहान वयात स्थलांतर केले त्यांची प्रगती मोठ्यांपेक्षा अधिक होती. साठीतल्या माणसाकडून त्याहून अधिक अपेक्षा ठेवता येणार नाही.

मालवणीच्या संदर्भात याचा अर्थ पाहू. ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’, ‘कित्या’, ‘झील’, ‘चेडू’ ही शब्दरूपे नवागतालाही महिन्या-दोन महिन्यांत वापरता येतात. अडचण येते ती लिंगव्यवस्थेत. प्रमाण मराठीत ‘बरा, बरी, बरे’ अशी तीन रूपे आहेत. मालवणीत त्यांच्या जागी ‘बरो, बरी, बरा’ अशी रूपे येतात. अर्थात ‘बरा’ हे एकच रूप प्रमाण भाषेत पुल्लिंगी तर मालवणीत नपुंसकलिंगी ठरते. त्यातच ‘चेडू’ हा मुलीचा वाचक शब्द मालवणीत नपुंसकलिंगी आहे. म्हणून ‘झील इलो’, पण ‘चेडू इला’. मुंबईत वाढलेल्याच्या कानाला ‘इला’ हे पुरुषाविषयी वाटते. ‘आ’च्या जागी ‘ओ’ म्हणावयाचे असा ढोबळ नियम तो मनाशी बांधतो आणि ‘घर बरो आसा’ असे म्हणून जातो. घरातली पाच वर्षांची नात ही चूक करीत नाही, आणि म्हणूनच ती चूक चटकन कानाला लागते.

३. संबोधन आणि उत्तर

तथापि केवळ रूपे चुकली म्हणून गाव कोणाला दूर करीत नाही. अधिक नाजूक भाग भाषाव्यवहाराचा आहे. पाणंदीत भेटलेला मनुष्य ‘खंय चललंस?’ असे विचारतो, तेव्हा त्याला प्रवासाचा तपशील नको असतो. तो नमस्काराचाच एक प्रकार होय, आणि त्याला ‘हंयच’ एवढे उत्तर पुरते. शहराची सवय जडलेल्या माणसाला ही चौकशी वाटते; तो एक तर चिडतो, नाहीतर सविस्तर कारण सांगू लागतो.

सर्वनामांचेही तसेच. चाळीस वर्षांपूर्वी ज्याच्याबरोबर व्हाळात डुंबण्यात दिवस गेले, त्याला परतलेला मनुष्य सभ्यपणे ‘तुम्ही’ म्हणतो. शहरात हे ‘तुम्ही’ आदराचे असते. येथे ते जुने नाते मिटविणारे ठरते. उलट, ज्या वडीलधाऱ्या बाईला नात्याने हाक मारावयाची, तिला आडनावाने ओळखणे हाही परकेपणाच.

गावाचा निर्णय त्याच्या उत्तरात ऐकू येतो. तू आमचा नाहीस, असे कोणी म्हणत नाही. लोक त्याच्याशी प्रमाण मराठीत बोलू लागतात. त्यात आदर असतो, शाळेत शिकलेल्या भाषेचा सफाईदार वापर असतो आणि अंतरही असते. त्याने मालवणीत विचारावे आणि शेजाऱ्याने पुस्तकी मराठीत उत्तर द्यावे, ही त्याच्या एकाकीपणाची पहिली खूण समजावी. उतारवयात ज्याच्याशी आपल्या बोलीत दोन शब्द बोलावे असे माणूस उरत नाही, त्याला भरल्या गावातही एकटेपण येते.

याची दुसरी बाजूही आहे. विल्यम लबॉव यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्थाज व्हिनयार्ड या अमेरिकन बेटाच्या अभ्यासात, बाहेर शिकून, शहराचा अनुभव घेऊन बेटावर परतलेल्या एका तरुणाचा उल्लेख येतो. परतल्यानंतर त्याच्या उच्चारात बेटाचे वैशिष्ट्य अधिकच ठळक झाले होते. म्हणजे राहण्याचा निश्चय झाला की जीभही बाजू घेते. आपल्याकडेही एखादा चाकरमानी गावच्या तरुणांपेक्षा गडद मालवणी बोलताना आढळतो. तरुणांच्या बोलीवर शाळेचा व दूरचित्रवाणीचा संस्कार झालेला असतो. त्याच्या बोलीत मात्र त्याने गाव सोडला त्या काळाचा अंश उरलेला असतो.

४. घरातली बोली आणि संशोधकाची निवड

पती मुंबईत असताना शेती चालविली ती पत्नीने. तरवो कधी काढावा, कोणत्या कुणग्यात पाणी राहते, वायंगण कोठे घ्यावे, मांगराची डागडुजी केव्हा करावी, या ज्ञानाची भाषा तिच्याजवळ राहिली. परतलेल्या पतीला आपल्याच शेतातील शब्द तिला विचारावे लागतात. मालकी त्याच्या नावावर आणि शब्दसंपत्ती तिच्या तोंडी, अशी ही वाटणी आहे. ज्या घरात तो हे शब्द विचारतो तेथे तो लवकर रुळतो; जेथे मुंबईचे शब्द लादतो तेथे वर्षानुवर्षे पाहुणाच राहतो.

यातून बोलीविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एक पद्धतीविषयक धडा घ्यावा. बोलीच्या पाहणीसाठी गाव न सोडलेला वृद्ध पुरुष निवडावा, असा जुना संकेत आहे. कोकणातील पुष्कळ गावांत असा पुरुष मिळणे कठीण. ओटीवर निवांत बसलेले, प्रश्न समजून घेऊन नीट उत्तर देणारे आजोबा बहुधा तीस-पस्तीस वर्षे परळला राहिलेले असतात. ग्रियर्सन यांच्या पाहणीचा मराठीवरील खंड (१९०५) किंवा डॉ. अ. मा. घाटगे यांचा कुडाळी बोलीवरील ग्रंथ (१९६५) यांच्याशी आजच्या नोंदी ताडून पाहताना हा फरक लक्षात न घेतल्यास, शहराने घडविलेला बदल गावातच घडला असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

म्हणून निवेदकाच्या वयाबरोबर तो कोठे, किती वर्षे आणि कोणासमवेत राहिला याची नोंद अवश्य करावी. त्याच घरातील न हललेल्या स्त्रीची बोली स्वतंत्रपणे टिपावी. आणि त्याच्या प्रश्नाला शेजारी कोणत्या भाषेत उत्तर देतात, तेही लिहून ठेवावे. त्याच्या परतण्याचा खरा पुरावा त्या शेवटच्या नोंदीत सापडतो.