सिलिंडरातली पूररेषा

एक जुनी गाडी बघायला सांगलीच्या गावभागातल्या एका वाड्यात शिरलो तेव्हा भिंतीवर छातीच्या उंचीला एक मळकट रेघ होती. ऑगस्ट २०१९ च्या पुराची. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या रेघेवर वाड्यातली माणसं आणि मी चांगली दहा मिनिटं बोललो. पाणी कुठल्या खोलीत किती आलं, धान्याची पोती माळ्यावर कशी चढवली, सगळं ऐकलं. मग पडवीत त्याच भिंतीला लागून उभी असलेली हेरॉल्ड पाहिली आणि रेघ डोक्यातून गेली. ही गाडी पुरात होती का, एवढा एक प्रश्न मी विचारला नाही.

स्टँडर्ड हेरॉल्ड आता रस्त्यावर क्वचित दिसते. ट्रायम्फ या इंग्रजी कंपनीची ही गाडी मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून इथं बांधली. तिचा आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचा. १९६२ मध्ये आलेली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार याच सांगाड्याच्या आखणीवर आणि याच कुळातल्या इंजिनावर उभी राहिली. म्हणजे हेरॉल्ड ही स्पोर्ट्स कारची सख्खी थोरली बहीण. तिचं बॉनेट मडगार्ड आणि दिव्यांसकट अख्खं पुढं कलतं आणि इंजिन चारी बाजूंनी मोकळं होतं. पुढच्या चाकावर बसून काम करता येतं. ज्या गाडीचं इंजिन इतकं उघड्यावर असतं, ती न तपासता घेणं ही माझी चूक होती. तिची शिक्षा चौदा महिने चालली.

आपल्याकडं खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैल घेणारा माणूस आधी दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो आणि मगच हातरुमालाखाली बोटं धरतो. इंजिनालाही दात असतात. ते बाहेरून मोजता येतात, हे या लेखात सांगायचं आहे.

मी काय बघितलं? रंग, नवी रेक्झिनची आसनं आणि पाच मिनिटं चालू इंजिन. थंड इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं, ऑइलचा दिवा लगेच विझला, आवाज गोड. इस्लामपूर, पेठ नाका, कराड, गाडी मजेत आली. तासवडे टोलनाका सोडल्यावर वेग कमी केला की ऑइलचा दिवा लुकलुकायला लागला. उंब्रजजवळ इंजिनाच्या तळातून जड ठक-ठक सुरू झाली. गाडी बाजूला घेतली. साताऱ्याला ती टोचन लावून आली.

थंड असताना गोड वाटणारं इंजिन गरम झाल्यावर का बिघडलं, हे समजून घ्यायला जवळजवळ दीडशे वर्षं मागं जावं लागतं. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर हे इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल सोडायला त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरताना त्या भोकातून तेल उलट वर यायला लागलं. बूच मारलं तर ते बाहेर ढकललं गेलं. लाकडाची खुंटी ठोकली तर तीही निघाली. फिरणारा दांडा तेलाला ओढत अरुंद फटीत कोंबतो, तिथं पाचरीसारखा दाब तयार होतो आणि तो दाब दांड्याला उचलून धरतो. या निरीक्षणाचं गणित १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मांडलं. आपल्या गाडीचा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आजही असाच तरंगतो. ऑइल पंप फक्त तेल पोचवतो, वजन पेलतो तो फिरण्यातून आलेला दाब.

ही फट किती? ५० मिलिमीटर जाडीच्या दांड्याला साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही थोडी कमी. इंजिनावर भार असताना तेलाचा थर सर्वांत पातळ जागी काही मायक्रॉनच उरतो. आता फट झिजून दुप्पट झाली, तर कडेनं निसटणारं तेल दुप्पट होत नाही, आठपट होतं, कारण गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. थंड तेल काकवीसारखं घट्ट असतं, ते मोठ्या फटीतूनही सहज निसटत नाही. तासाभरानं ते पातळ होतं आणि दाब कोसळतो. सांगलीत मला विझलेला दिसलेला दिवा खोटं बोलत नव्हता. मी त्याला चुकीच्या वेळी विचारलं होतं. जुनी गाडी घेणाऱ्याला एकच चाचणी करता येणार असेल तर मी हीच सांगेन. अर्धा-पाऊण तास चालवा आणि मग गाडी जागेवर मंद फिरत ठेवून दिव्याकडं बघा.

साताऱ्यातले आमचे मिस्त्री सत्तरीला आलेत. त्यांनी आवाज ऐकायला स्क्रू ड्रायव्हरचं पातं इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरला आणि मूठ कानाला लावली, आणि म्हणाले, "सर, गाडी घ्यायच्या आदी एक फोन तरी करायचा हुता. म्या आलो असतो की सांगलीला." मग त्यांनी ज्या चाचण्या केल्या, त्या सगळ्या मला त्या पडवीत पाव तासात करता आल्या असत्या.

पहिली क्रँकची. मला क्लच दाबायला सांगून ते पुढच्या पुलीकडं बघत बसले. क्लच दाबला की क्रँक पुढं ढकलला जातो. त्याला अडवणाऱ्या अर्धचंद्राच्या आकाराच्या पातळ वॉशर या जातीच्या इंजिनात मागच्या मेन बेअरिंगपाशी असतात, आणि त्या झिजणं हे ट्रायम्फचं जुनं दुखणं. हालचाल एक-दोन दशांश मिलिमीटरची असावी, डोळ्याला जेमतेम कळेल अशी. माझी पुली दिसेल एवढी पुढं आली.

दुसरी कॉम्प्रेशनची. चारही प्लग काढायचे, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, एकेका भोकात गेज लावून स्टार्टर पाच-सहा वेळा फिरवायचा. आकडे आले १३०, ७०, १२५ आणि ८० पौंड. दुसरा आणि चौथा सिलिंडर उतरलेले. मिस्त्रींनी त्या दोन्हींत चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, दोन्ही ११५ वर गेले. ऑइलनं रिंगांची फट तात्पुरती बुजते, व्हॉल्व्हची बुजत नाही. दाब वाढला म्हणजे दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये. शेजारशेजारचे दोन उतरले असते तर मधलं गॅस्केट गेलं असं म्हणता आलं असतं. इथं दुसरा आणि चौथा, मध्ये तिसरा ठणठणीत. हे कोडं मला दोन दिवस झोपू देईना.

इंजिनाचं डोकं काढल्यावर ते सुटलं. पहिला आणि तिसरा बोअर राखाडी, गुळगुळीत. दुसऱ्या आणि चौथ्यात अर्ध्याच्या किंचित खाली चारी बाजूंनी फिरलेली तपकिरी कडी, तिच्यावर लोखंडाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे. मी बॅटरी धरून विहिरीत डोकावल्यासारखा आत बघत होतो, आणि एकदम त्या वाड्याची भिंत आठवली. तीच रेघ. फक्त ६३ मिलिमीटर व्यासाच्या विहिरीत.

चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना चारही पिस्टन बहुतेक वेळा मधोमध येऊन थांबतात, कारण दाबली जाणारी हवा त्यांना टोकापर्यंत जाऊ देत नाही. (म्हणूनच फ्लायव्हीलच्या रिंग गिअरचे दातही ठरावीक दोन जागीच जास्त झिजतात.) थांबलेल्या इंजिनात एका सिलिंडरचा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडा असतो, एकाचा बाहेर टाकणारा, उरलेल्या दोघांचे दोन्ही बंद. या इंजिनाचा क्रम एक, तीन, चार, दोन. पहिल्याचा ताकदीचा फेर अर्ध्यावर असेल, तर तिसरा हवा दाबत असतो, चौथ्याचं कार्बोरेटरकडचं दार उघडं असतं आणि दुसऱ्याचं सायलेन्सरकडचं. कृष्णेचं पाणी त्या दोन दारांनी आत शिरलं आणि पिस्टनवर साचलं. बाकीच्या दोघांत पाण्यात उलटं बुडवलेल्या तांब्यासारखी हवा कोंडून राहिली. पूर आला त्या क्षणी कुठला पिस्टन कुठल्या फेरात होता, हे दोन वर्षांनी वाचता आलं.

गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. त्यानं रिंगा खाचांत आवळल्या. कुणीतरी नंतर डिझेल ओतून इंजिन मोकळं केलं असणार, ऑइल बदललं असणार. एका गोष्टीत मात्र गाडीचं नशीब थोर. पाणी आत असताना स्टार्टर मारला गेला नव्हता. ९४८ सीसीच्या या इंजिनात एका सिलिंडरचा वाटा २३७ सीसी. दाबाचं प्रमाण आठास एक धरलं, तर पिस्टन वर आल्यावर माथ्याशी जागा उरते ३४ सीसी. दोन मोठे चमचे. त्याहून जास्त पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली कुठलीही गाडी चावी फिरवून बघू नये, ती याच दोन चमच्यांमुळे.

चेंबर उतरवलं तेव्हा तळाशी काळी लापशी होती. क्रँकच्या आतल्या तेलाच्या वाटा मिस्त्रींनी तारेनं कोरल्या, तर मातीचे तुकडे निघाले. बेअरिंगच्या शेलवर मऊ धातूचा थर असतो, तो मुद्दाम मऊ ठेवलेला. एखादा कठीण कण आला तर तो त्यात रुतून बसावा आणि क्रँक वाचावा, ही आयझॅक बॅबिट यांच्या १८३९ च्या मिश्रधातूपासून चालत आलेली युक्ती. पण रुतायलाही मर्यादा असते. माझ्या शेलवर कण इतके रुतले होते की त्यांचा पॉलिश पेपर झाला होता. कराडवरून येताना तो क्रँकला घासत होता.

ती माती बोटांत चोळून बघितली. काळी, चिकट, मध्येच कचकच. सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजून झालेली. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, आमच्या जिल्ह्यातून वाहत सांगलीला जाते. साताऱ्याची माती नदीनं सांगलीला नेली आणि मी ती इंजिनात घालून रस्त्यानं परत आणली.

या दोन जिल्ह्यांत हे काम करणारी माणसं मिळाली, त्याला मी योगायोग मानत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्याकडं धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ चा.  दोन्हीकडं सुरुवात लोखंडी नांगरांपासून झाली, कूपरांकडं पुढं डिझेल इंजिनं आली. नदीकाठी पाणी उपसणाऱ्या इंजिनांनी गावोगावी लेथवाले तयार केले. बुडालेलं इंजिन उघडून परत बांधणं ही इथली जुनी विद्या आहे.

क्रँक धुऊन मिस्त्रींनी त्याला रॉकेल फासलं, कोरडं पुसलं आणि खडूची पूड भुरभुरवली. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल झिरपून पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. उमटली नाही. मग सांगलीत क्रँक दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून घेतला. घासणाऱ्याला एकच ताकीद होती, कोपरे गोल ठेव. जिथं दांड्याची जाडी एकदम बदलते तिथं ताण एकवटतो आणि काटकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो. बोअर तीस थाऊ मोठे केले. पहिला आणि तिसरा चांगले असूनही तेही कापावे लागले, कारण चारही पिस्टन एका वजनाचे हवेत. ९४८ सीसीचं इंजिन ९७१ चं झालं. त्या मापाचे पिस्टन जुन्या साठ्यातून मिळवण्यातच वर्षाचा मोठा भाग गेला.

होनिंग झाल्यावर मिस्त्रींनी माझं बोट धरून बोअरच्या आत फिरवलं. आरशासारखं गुळगुळीत लागेल असं वाटलं होतं, तर नखाला बारीक खरखर लागली. तिरकस, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा. त्यात तेल थांबतं आणि नव्या रिंगा त्यावर घासून आपली बैठक पकडतात. पूर्ण गुळगुळीत बोअरवर रिंग नुसती घसरते, बसत नाही आणि इंजिन ऑइल खात राहतं.

पहिल्यांदा सुरू करायच्या आधी प्लग न लावताच स्टार्टर फिरवला, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले. इंजिन लागलं तेव्हा मिस्त्री कान लावायला वाकलेच नाहीत, पुसणं खांद्यावर टाकून चहाला गेले.

तीनशे किलोमीटरला ऑइल काढलं. पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून उन्हात धरलं तर आत चमचम होती, पोटात गोळा आला. मिस्त्रींनी चुंबक फिरवला. चमचम सगळी त्याला चिकटून आली. लोखंड, म्हणजे रिंगांचं आणि बोअरचं, बैठक पकडतानाचं. बेअरिंगचा मऊ धातू चुंबकाला लागत नाही, तो असता तर ट्रेमध्येच राहिला असता. ट्रेमध्ये काही राहिलं नव्हतं. त्यांनी चुंबक पुसला, नवं ऑइल ओतलं आणि म्हणाले, "आता सांगलीपत्तूर जाऊन या. गरम झाल्याव दिव्याकडं बघा."

गेलो. आयर्विन पुलाअलीकडं गाडी मंद फिरत ठेवून दहा मिनिटं बसलो. दिवा लागला नाही.